दोन बोटं सरकलेली घडी

सिनेमाचं जुनं पोस्टर समोर आलं की घडीमावशी आधी ते पालथं घालायची. गिऱ्हाईक बिचारं मोठ्या कौतुकाने चित्र दाखवायला आलेलं असायचं, आणि ही बाई चित्राकडे ढुंकूनही न बघता कोऱ्या पाठीवरून तळहात फिरवत बसायची. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायची. मग घडीच्या रेषेवरून बोटाचं पेर वरपासून खालपर्यंत फिरवायची आणि शेवटी एक "हं" म्हणायची. तो "हं" खऱ्याचा की खोट्याचा, हे कळेपर्यंत गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागलेला असायचा. "चेहरा कुणीही नटवतं," ती म्हणायची. "पाठ नटवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही."

तिचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सिनेमाची पोस्टरं छापणाऱ्या प्रेसमध्ये ती एकतीस वर्षं घडीच्या टेबलापाशी उभी होती, म्हणून ती घडीमावशी. त्या काळी पोस्टरं गुंडाळून पाठवत नसत. घड्या घालून, गठ्ठे बांधून, पार्सलाने गावोगावच्या थिएटरांना जायची. कागद अडीच हात उंच. वरून खाली अर्धा करायचा, पुन्हा अर्धा, मग उभा मधोमध मोडायचा. आठ चौकोन पडले की लाकडी पट्टीने दाबून बाजूला सारायचं आणि पुढचं ओढायचं. एकंदर किती घड्या घातल्या असतील याचा अंदाज तिच्या मुलाने एकदा कागद-पेन्सिल घेऊन काढायला सुरुवात केली होती. "थांब रे, नुसतं ऐकून मनगट दुखायला लागलं," म्हणून तिने त्याला गप्प बसवलं.

निवृत्त झाली तरी हात काही निवृत्त झाले नाहीत. सुनेने वाळवून आणलेल्या कपड्यांच्या मावशी अशा घड्या घालून ठेवायची की मुलाला कपाटातून शर्ट काढायची चोरी व्हायची. कपडे संपले की खिडकी. गल्लीत कुणाकडे नवीन पंखा आला, कुणाचं पार्सल चुकून कुणाकडे गेलं, सगळ्यात तिचं नाक. "आईंना बातमी लागत नाही, वास लागतो," असं सून म्हणायची, आणि त्यात तक्रार कमी आणि कौतुक जास्त होतं.

असाच वास लागून ती चार वर्षांपूर्वी त्या दुकानात शिरली होती. किल्ल्या करणारा आणि शिंपी यांच्यामध्ये एक अरुंद दुकान नवीन उघडलं होतं आणि त्याच्या काचेत एक जुनं पोस्टर टांगलेलं होतं. मावशी भाजीची पिशवी घेऊन काचेसमोर उभी राहिली. मान वाकडी करून या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, आणि तडक आत गेली.

"ही घडी छापली कुणी?" तिने विचारलं.

दुकानदार उठून उभा राहिला. आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात फायली सांभाळून, मुदतीआधी सुटका करून घेऊन, त्याने हौसेने जुन्या पोस्टरांचं दुकान काढलं होतं आणि काचेतलं पोस्टर ही त्याची शान होती. "छापली म्हणजे?"

"हात लावून बघ की."

त्याने हात लावला. डोळ्यांना घडीच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, पांढुरक्या, जागोजागी फाटायला आलेल्या, आणि बोटाखाली कागद सपाट गुळगुळीत. कुणीतरी घडी घातलेल्या जुन्या पोस्टराचा फोटो काढून तो नव्या कागदावर छापला होता. कोपऱ्यातली टाचण्यांची भोकं छापली होती. टाचणीचा गंजसुद्धा छापला होता. तो गंज बघून मावशीला हसू आवरेना. ती स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. दुकानदाराचा चेहरा पडला, पण माणूस शहाणा. त्याने पोस्टर उतरवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही दर बुधवारी याल का?"

तेव्हापासून बुधवारची दुपार दुकानाची. तिने त्याला भिंगातून बघायला शिकवलं. अस्सल पोस्टरात रंग एकावर एक चढवलेले असतात, एकेका रंगाला कागद पुन्हा यंत्रातून जातो, त्यामुळे ओठाचा लाल कुठेतरी केसभर बाहेर आलेला दिसतो. अक्षरं मात्र भरीव, सलग शाईची. फोटोवरून काढलेल्या नकलेत सगळ्याचेच ठिपके होतात, अक्षरांचे सुद्धा, आणि भिंगाखाली नाव असं दिसतं की जणू मुंग्यांनी रांग धरली आहे. पाठीवर खालच्या कागदाच्या ओल्या शाईची पुसट सावली उतरलेली हवी. घडीवर कागदाचे तंतू तुटलेले हवेत, नुसता रंग उडालेला चालणार नाही. दुकानदार हे सगळं वहीत उतरवून घ्यायचा, कारण लिहिल्याशिवाय त्याला काही खरंच वाटत नसे.

आणि सगळ्यात पहिला नियम त्याने पुठ्ठ्यावर ठळक लिहून गल्ल्यामागे लावला होता: उभी घडी बरोबर मधोमध. नसेल तर नकली. हाही मावशीचाच. हल्लीचे लबाड लोक नकलेला खरोखरच्या घड्या घालून आणायला लागले होते, पण ते घालणार अंदाजाने. "आमच्या टेबलाला मधोमध खाच होती," ती छाती काढून सांगायची. "घडी केसभर हलली तर फोरमन अख्खा गठ्ठा अंगावर टाकायचा. एकतीस वर्षांत आमच्या टेबलावरून वाकडी घडी बाहेर गेली नाही."

दुकानदाराने पट्टीने घडी मोजायची आणि वाकडी निघाली तर पुढे उघडायचंसुद्धा नाही, असं त्यांचं ठरून गेलं. चार वर्षं नियम अगदी नीट चालला.

मग एका बुधवारी ती बाई आली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची, ड्यूटी संपवून थेट आली होती. तिने सिनेमाचं नाव सांगितलं. नाव सांगण्यासारखं नव्हतंच, चार दिवसांत उतरलेला सिनेमा. दुकानदार म्हणाला, "त्याचं एक आहे माझ्याकडे, अस्सल," आणि फळीवरून काढून पसरलं. बाईने पोस्टराकडे एकदाच बघितलं आणि मान हलवली.

"हे दुसरं आहे. मला पहिलं हवंय. याच्या आधी छापलेलं."

"आधी छापलेलं काही नाही," दुकानदार म्हणाला. "माझ्या याद्यांमध्ये एकच आहे."

मावशीने चहाचा कप खाली ठेवला. तिने कान टवकारले होते. "तुला कुणी सांगितलं गं, आधी एक होतं म्हणून?"

"माझ्या वडिलांनी. ते पेंटर होते. ते पोस्टर त्यांनीच काढलेलं."

मावशी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. एखादं पोस्टर पालथं घालून बघावं तसं या बाईला पालथं घालता येत नव्हतं, म्हणून तिने सरळ विचारलं, "पेंटरीणबाईची तू?"

ते नाव ऐकल्यावर पेंटरच्या मुलीने खांद्यावरची पिशवी गल्ल्यावर ठेवली. दुकानदाराने तिच्याखाली स्टूल सरकवलं. तिची आई ती दीड वर्षाची असताना तापाने गेली होती. आईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा विषय निघाला की वडील म्हणायचे, "फोटो कशाला, मी आहे ना काढायला," आणि लोकांचे चेहरे रंगवता रंगवता बायकोचा चेहरा काढायचा राहून गेला. ती गेल्यावर त्यांनी बसून प्रयत्न केला, पण दर वेळी वेगळीच बाई व्हायची, आणि ते कागद फाडून टाकायचे. गेल्या वर्षी ते गेले. जायच्या आधी म्हणाले, तुझी आई एका पोस्टरावर आहे, डाव्या भुवईत खाच बघ, ती तीच. "वर्षभर शोधतेय," मुलगी म्हणाली. "रोज दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढते मी. आणि मला माझी आई कशी दिसायची ते माहीत नाही."

"लहानपणी उंबऱ्यावर पडली होती ती," मावशी म्हणाली. "त्याची खाच. मला सगळं माहीत आहे. माझ्या टेबलाशेजारी बसायची ती."

दुकानदार मात्र उठला, खणातून एक लांबडी वही काढली आणि पानं उलटायला लागला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोस्टराची त्यात नोंद असायची, घेतलेल्याची आणि परत पाठवलेल्याचीही, कारणासकट. एका पानावर त्याचं बोट थांबलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"वाच," मावशी म्हणाली.

"पाच आठवड्यांपूर्वी. सोमवार होता, मावशी, तुम्ही नव्हता. एक म्हातारे गृहस्थ आले. बंद पडलेल्या थिएटरचे डोअरकीपर. याच सिनेमाचं पोस्टर." तो थांबला. "उभी घडी मधोमध नाही. दोन बोटं डावीकडे. नकली. पूर्ण उघडलं नाही."

"आणि उजवी कड?" मावशीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "उजवी कड आत मुडपलेली होती? चार बोटं?"

"होती. तुम्हाला कसं कळलं?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. पुठ्ठ्यावरच्या नियमाकडे तिने एकदा बघितलं आणि मग बघवेना म्हणून मान खाली घातली. "कारण ती मी घातली," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं, एका दिवस-रात्रीचं. पोस्टर दुसऱ्या दिवशी पार्सलाला जायचं होतं आणि नायिकेचा फोटोच आला नव्हता. मालक पेंटरच्या डोक्यावर उभे. पेंटरची बायको त्याचा डबा घेऊन आली होती, सातवा महिना चाललेला. पेंटरने तिलाच स्टुलावर बसवलं आणि नायिकेच्या जागी तिचा चेहरा काढला. तिची पाठ भरून आली तरी हसत बसली होती. रात्रपाळीने छापलं आणि सकाळी पहिला कागद मावशीच्या टेबलावर आला. पोस्टरात तिचा चेहरा तळव्याएवढा, दोन आडव्या घड्यांच्या मधल्या जागेत, पण रुंदीच्या बरोबर मधोमध. नियमाने उभी घडी घातली तर रेष दोन्ही डोळ्यांच्या मधून, नाकावरून खाली उतरणार.

"आणि ती सकाळीच बघायला येऊन तिथेच बसलेली," मावशी म्हणाली. "माझ्या शेजारी, कागदाच्या पोत्यावर, पाय लांब करून. आपला चेहरा बघून लाजत होती. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडावर पट्टी दाबायची? माझा हातच होईना. फोरमन दाढ काढायला गेला होता. मी रेष दोन बोटं सरकवली, कानाच्या बाहेर काढली. मग एक बाजू लांब राहते, गठ्ठा वेडावाकडा दिसतो, म्हणून ती कड आत मुडपली. तिने ते बघितलं. नुसती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. चारशे पोस्टरं होती. चारशेच्या चारशे तशीच घातली."

पुढचं थोडक्यात होतं. नायिकेने पोस्टर बघितलं, आकाशपाताळ एक केलं, मालकांनी तारा करून सगळे गठ्ठे परत मागवले आणि बॉयलरमध्ये घातले. नवं पोस्टर छापलं, त्यावर खरी नायिका. "तिच्या नाकावरून मी पट्टी जरा जोरातच दाबली," मावशी म्हणाली, आणि पेंटरची मुलगी रडता रडता हसली. परत आलेल्यांत एक पोस्टर कमी भरलं होतं. कुठल्याशा थिएटरने कळवलं, फाटलं. कुणी खोलात गेलं नाही.

"बाकीचं काय लिहिलंय?" मावशीने वहीकडे बोट केलं. खाली अजून एक ओळ होती.

दुकानदाराला ती वाचायची नव्हती. पण वही त्याचीच आणि अक्षरही त्याचंच, जाणार कुठे. "माणूस विकायला आला नव्हता. पोस्टरवरच्या बाईचं नाव विचारत होता." त्याने ओळीवरून बोट उचललं. "मी त्याला म्हणालो, नकली पोस्टरवरच्या बाईला नाव नसतं. गंमत म्हणून म्हणालो, मावशी."

त्याखाली म्हाताऱ्याने स्वतः लिहून ठेवलेला पत्ता होता. सरळ वळणाचं अक्षर, प्रत्येक शब्दाखाली रेघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बसने गेली. मावशीला रात्रभर डोळा लागला नव्हता. आपण एकदा मैत्रिणीसाठी नियम मोडला आणि नंतर तोच नियम छाती काढून लोकांना शिकवला, आणि त्या नियमाने मैत्रिणीलाच दारातून हाकलून लावलं, हे तिला राहून राहून टोचत होतं. पाच आठवडे म्हणजे थोडे नव्हेत. नकली म्हटलेल्या कागदाचं माणूस काय करतो, हे तिने चार वर्षांत पुष्कळ बघितलं होतं. कुणी रागाने फाडतं, कुणी त्यावर धान्य वाळत घालतं.

डोअरकीपर टायरच्या दुकानावर, माडीवर एकटा राहायचा. खोली एवढीशी, पण गादीची चादर ताणून बसवलेली आणि चपला भिंतीला समांतर. त्याने दार उघडलं, दुकानदाराला ओळखलं आणि दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"काका, त्या पोस्टराबद्दल आलो होतो," दुकानदार म्हणाला.

"ते नाही आता."

पेंटरच्या मुलीने जिन्याचा कठडा धरला. डोअरकीपर दुकानदाराकडेच बघत होता. "एकोणतीस वर्षं मी दारावर तिकिटं फाडली," तो म्हणाला. "हाताने रंगवलेली तिकिटं आणायचे लोक. बोटाला कळायचं मला. खोटं तिकीट घेऊन एकही माणूस माझ्या दारातून आत गेला नाही. आणि तुम्ही चार लोकांच्या समोर मला म्हणालात, नकली घेऊन आलाय."

दुकानदार कपाळावरचा घाम पुसत काहीतरी बोलणार होता. मावशीने त्याला बाजूला केलं. गुडघे धरून ती वरची पायरी चढली.

"यांचं नाही, माझं चुकलं," ती म्हणाली. "वाकडी घडी म्हणजे नकली, हे मीच यांना शिकवलं. आणि तुमच्या पोस्टराची घडी मीच वाकडी घातली होती. माझ्या या हाताने. मी विसरले नव्हते, पण सांगितलं नाही कुणाला. माफी मागायला आले."

डोअरकीपरने तिच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या बाजूला, जिथे पट्टी धरायची, तिथे अजून घट्टा होता. खोटी तिकिटं ओळखणाऱ्या माणसाला घट्टा बघितल्यावर आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. तो दारातून सरकला.

आत गेल्यावर त्याने गादी उचलली. खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्र आणि त्याच्या आत ते पोस्टर, घडी केलेलं. दुकानातून परत आणल्यापासून ते गादीखाली होतं. त्याआधी अठ्ठेचाळीस वर्षं कपाटात.

मावशीने ते उघडलं आणि सवयीने आधी पालथं घातलं. पेंटरची मुलगी वाकून बघत होती, पण मावशीला घाई करायची नव्हती. एक चूक झाली होती, दुसरी नको. तिने तळहात फिरवला. पाठीवर खालच्या कागदाची सावली होती. कोपऱ्यांत टाचण्यांची चार भोकं, खरी, पलीकडचा उजेड दिसणारी. घडीवर तंतू तुटलेले. उजवी कड चार बोटं आत मुडपलेली, आणि मुडपल्यावर पट्टीचा दोनदा दाब, कारण एकदा दाबून ती कड बसत नव्हती, हे तिच्या हाताला आत्ता आठवलं. तिने मग वास घेतला. तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि भिंग काही तिला वापरता आलं नाही.

"बघ," तिने पोस्टर उलटं केलं.

घडीची रेष केसांतून, कानाच्या बाहेरून खाली गेली होती. चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. लाल रंग खालच्या ओठाच्या जरा बाहेर सांडलेला. एक बाई ओठ दाबून हसू आवरत होती, पाठ दुखत असताना माणूस जसं हसतं तसं, आणि डाव्या भुवईत खाच होती.

पेंटरच्या मुलीने त्या खाचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "केवढीशी आहे. माझ्या मुलीएवढी आहे ही."

डोअरकीपर भिंतीशी उभा राहून ऐकत होता. "कोण आहे ही?" त्याने विचारलं. पाच आठवड्यांपूर्वी विचारला होता तोच प्रश्न, त्याच आवाजात.

"माझी आई."

त्याने मान हलवली, जणू उत्तराचा हा पहिला भागच त्याला पोचला होता. पोस्टरं परत पाठवायचा हुकूम आला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. काचेच्या पेटीतलं हे एक काढताना त्याला वाटलं, ही नवीन नटी दिसते, पुढच्या सिनेमात येईल. फाटलं म्हणून कळवलं आणि ठेवून घेतलं. "मग नवा सिनेमा लागला की दर वेळी पहिला खेळ मी दारात उभा राहून बघायचो," तो म्हणाला. "नायिका नाही तर नायिकेची मैत्रीण, ती नाही तर गर्दीत कुठेतरी. एकोणतीस वर्षं. थिएटर बंद झालं तरी नाही दिसली. मला वाटायचं, एवढा चांगला चेहरा, हिला कुणी काम का देत नाही?"

"दोन वर्षांत गेली ती," पेंटरची मुलगी हळू आवाजात म्हणाली. "मी दीड वर्षाची होते."

"हां," डोअरकीपर म्हणाला. तो गादीच्या कडेवर बसला. "म्हणून नाही दिसली."

खाली टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. पोस्टर त्याचं होतं, यात कुणालाच शंका नव्हती, आणि मागायचं धैर्य तिघांपैकी कुणाला होत नव्हतं. शेवटी तोच उठला, पोस्टराच्या दोन्ही कडा धरून त्याने ते पेंटरच्या मुलीसमोर केलं. "घेऊन जा. तुझ्या घरी जागा असेल." मग तो दुकानदाराकडे वळला. त्याचा राग गेला होता, पण हिशेब पुरा व्हायचा होता. "मला एक नक्कल काढून द्या याची. भिंतीला लावीन."

दुकानदाराने चार वर्षांत नकलेचं नाव निघालं की नाक मुरडलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी स्वतः काढून आणतो, काका. घड्या पुसून, अगदी स्वच्छ."

"घड्या पुसू नका," डोअरकीपर म्हणाला. "घडीसकट छापा. टाचण्यांची भोकंही राहू देत."

यावर मावशीला हसू आलं पाहिजे होतं, चार वर्षांपूर्वी आलं होतं तसं. पण आलं नाही. तिने फक्त मान हलवली.

पेंटरच्या मुलीने पोस्टर गादीवर ठेवलं. बसमध्ये एवढा उघडा कागद नेता येणार नव्हता. तिने वरची बाजू खाली आणली, पुन्हा अर्धी केली, आणि आता उभी घडी घालायला दोन्ही कडा एकमेकींना जुळवायला लागली. मावशीने पुढे होऊन तिची बोटं धरली आणि सरकवली.

"दोन बोटं अलीकडे," ती म्हणाली. "चेहऱ्यावर नको."